ना हिरवी, ना गुलाबी

नारीन, ३ एप्रिल

तुर्सुन एझेंना मेरिमचा सलाम.

गुडघा कसा आहे, काराकोलला बर्फ वितळला का, लेक-जावई बरे आहेत ना? हे सगळं मनापासून विचारतेय. पण खोटं कशाला बोलू, अडलेय म्हणून लिहितेय. फोनवर सांगून भागणार नाही. फोनच्या पडद्याला त्याचा स्वतःचा एक रंग असतो, आणि माझं भांडणच रंगाशी आहे. म्हणून सोबत कागदाच्या काही पट्ट्या पाठवल्यात. आधी त्या खिडकीशी धरा, मग दिव्याखाली धरा आणि मगच पुढं वाचा.

बघितल्यात? खिडकीशी हिरव्या, दिव्याखाली गुलाबी. कॉम्प्युटरमध्ये फोटो कृष्णधवल आहे, रंगाचा टिपूससुद्धा नाही. तरी हा माझा प्रिंटर कुठून शेवाळं आणून त्यात कालवतो, देव जाणे. हिरवा कमी करावा तर दिव्याखाली बीट उकडल्यासारखा चेहरा. गुलाबी कमी करावा तर उन्हात माणूस आजारी. काल पासपोर्टच्या फोटोला आलेली एक बाई टेबलावरचा कागद बघून म्हणाली, "अगं बाई, विष घेतलंय की काय हिनं?"

तुम्ही शेवटचं आला होतात तेव्हा माझ्या दुकानात नुसतं झेरॉक्सचं मशीन होतं. आता बाजारामागच्या त्याच गाळ्यात मोठा इंकजेट प्रिंटर आहे. लग्नाचे, बारशाचे रंगीत फोटो झकास निघतात. फक्त करडा म्हटलं की त्याच्या अंगात येतं.

काम एका गिऱ्हाइकाचं आहे. गिऱ्हाईक फार चिवट आहे. करडा म्हणजे करडाच हवा म्हणतं, चुलीतल्या राखेसारखा. तुम्ही उभी हयात डार्करूममध्ये काढलीत. तुम्हीच सांगा काय करू.

आणि जाता जाता एक. आपा ट्रकपाशी उभी असलेला तो फोटो तुम्हीच काढला होता ना? त्याची निगेटिव्ह अजून आहे का? सहज विचारलं.

तुमची
मेरिम


काराकोल, १२ एप्रिल

मेरिम पोरी,

गुडघा आहे तिथंच आहे. कुठं जात नाही आणि मलाही जाऊ देत नाही. बर्फ वितळून चिखल झालाय. तुझ्या पट्ट्यांपेक्षा तो चिखल बरा, सरळ करडा तरी आहे.

आता ऐक. तुझ्या यंत्राच्या पोटात करडा रंग नाहीच. ते निळा, किरमिजी आणि पिवळा एकमेकांत मिसळतं आणि करड्याचं सोंग आणतं. एका चुलीवर तीन सवती. उजेड बदलला की एकीचा आवाज चढतो. उन्हात एक बोंबलते, दिव्याखाली दुसरी. तू एकीला गप्प केलंस की दुसरीला चेव येणार. तिघींनाही हाकलून दे. यंत्राच्या सेटिंगमध्ये 'फक्त काळी शाई' असं कुठंतरी असेल, ते लाव.

दुसरं म्हणजे कागद बदल. हा भलताच पांढरा आहे. असल्या कागदात उजळपणासाठी काहीबाही घातलेलं असतं, त्यानं तो उन्हात निळा मारतो. सायीच्या रंगाचा, न चकाकणारा कागद आण. आणि छापल्या छापल्या निकाल देऊ नकोस. शाई वाळता वाळता रंग बदलते. रात्र जाऊ दे, सकाळी बघ.

आता तुझ्या चिवट गिऱ्हाइकाविषयी. एका पट्टीच्या कोपऱ्यात कोपरापर्यंत दुमडलेली बाही आहे. ती बाही कोणाची हे मला सांगायला नको, कॅमेऱ्याचं बटण दाबणारं बोट माझंच होतं. दुकानात आईचा फोटो लावायचा असेल तर लाव की! त्यासाठी गिऱ्हाइकाचं नाटक कशाला? तुझ्या आईला, सालकिनला तरी आवडलं असतं का ते?

म्हातारीचा सल्ला ऐकशील तर थोडी तपकिरी झाक दे. हिरवं-गुलाबी सगळं तिच्या पोटात दडतं, आणि जुन्या फोटोला तपकिरी शोभतंही. लोक म्हणतात, वा, किती जुनं!

निगेटिव्हचं म्हणशील तर घर बदलताना खोकी कुठली कुठं गेली. सापडेल असं वाटत नाही. हाताशी आहे त्यावर भागव.

तुर्सुन


नारीन, २४ एप्रिल

तुर्सुन एझे,

पकडलंत. गिऱ्हाईक मीच. पण फोटो दुकानासाठी नाही. जूनमध्ये आपाला जाऊन वर्ष होतंय. गावी आश आहे, वर्षाचं जेवण. युर्तचे तंबू उभे राहतील, घोडा कापतील, सगळी भावकी, व्याही, आमच्या थोरल्या भावाच्या, सामात बाइकेच्या जिल्हा कचेरीतले साहेब, सगळे जेवायला येणार. आणि मानाच्या जागी आपाचा फोटो लागणार.

कुठला फोटो लागणार तेही ठरलंय. बाइकेनं बिश्केकला करायला टाकला होता, तो गेल्या महिन्यात आला. दाराएवढा उंच. कॉम्प्युटरवर बनवलाय. तुम्ही बघायला हवा होतात, एझे. डोक्यावर पांढराशुभ्र एलेचेक, लग्नातल्या सासूला गुंडाळतात तसा. आपानं आयुष्यात कधी तो डोक्यावर घेतला होता? अंगात जांभळं मखमल. गाल सफरचंदासारखे, सुरकुती औषधाला नाही. आणि हात! मांडीवर हात ठेवलेत, गोरेपान, लांब बोटांचे, एका बोटात अंगठी. कुणाचे आणून चिकटवलेत कोण जाणे.

मी विचारलं, "बाइके, ही कोण?"

"डोळे फुटले का? आपा आहे."

"आपाचे हात असे होते?"

"असायला हवे होते," तो म्हणाला. "जन्मभर पुरुषी बूट घालून फिरली, निदान आता तरी चार लोकांत बाईसारखी दिसू दे."

"त्या बुटांनी तुझ्या कॉलेजचा खर्च चालवलाय."

"म्हणून मी ते साऱ्या भावकीला दाखवत बसू? आलेल्या माणसांनी काय बघायचं, काळे हात?"

"हो. तेच बघायचं."

तेव्हापासून आमचं बोलणं भाजी-भाकरीपुरतं आहे. मी ठरवलंय, मी तुमचाच फोटो छापणार आणि घेऊन जाणार. आणि मला तपकिरी झाक सांगू नका. तपकिरी म्हणजे कीव. तपकिरी म्हणजे 'होती बिचारी एक जुन्या काळात'. आपा बिचारी नव्हती. आणि हिरवी किंवा गुलाबी दिसली तर बाइके सगळ्यांना म्हणेल, पाहा, हाही कॉम्प्युटरचाच खेळ, ह्यात काय खरं आणि त्यात काय खोटं? त्याला एवढी फट ठेवायची नाही मला.

तुमचं ऐकून 'फक्त काळी शाई' लावली. कागदही बदलला. हिरवं गेलं, गुलाबी गेलं! मी दुकानात एकटीच नाचले. मग जवळ जाऊन पाहिलं. बर्फावर आणि गालांवर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके. काळ्या शाईला फिकट होता येत नाही, ती बापडी ठिपके विरळ करते. लांबून आपा, जवळून देवीचे व्रण.

शिवाय माझ्याकडचा फोटो तळहाताएवढा आहे, कोपरा मुडपलेला. मोठा केला की डोळे विरघळतात. निगेटिव्ह नाही म्हणालात, मी विश्वास ठेवला. पण एझे, चपलांची रिकामी खोकीसुद्धा न टाकणारी बाई तुम्ही. पुन्हा एकदा बघाल का?

मेरिम


काराकोल, ३ मे

मेरिम,

पाकिटातली चांदीच्या कागदात गुंडाळलेली वस्तू कडांनाच धर. मध्ये बोट लावलंस तर तिथं येऊन झोडपीन. ती निगेटिव्ह आहे.

हरवली नव्हती. फेब्रुवारीत सामातचा फोन आला होता. आधी तब्येत विचारली, मग नातवंडं विचारली, मग म्हणाला, "एझे, आपाची ती ट्रकची निगेटिव्ह एव्हाना हरवली असेल ना?" मी म्हटलं, "या वयात वस्तू आपापल्या हरवतात, बाळा." त्यानं तो होकार धरला. मीही धरू दिला. म्हटलं, बहीण-भावाच्या घरात म्हातारीनं नाक कशाला खुपसावं. पण तुझं 'तपकिरी म्हणजे कीव' वाचलं आणि स्टूल ओढून माळ्यावरची खोकी काढली. लेक खालून ओरडत होती, "आई, पडशील!" म्हटलं, पडले तर पडले.

हा फोटो कसा निघाला ते सामातला ठाऊक नाही, तुलाही नसेल. मी तेव्हा जिल्ह्याच्या पेपरात होते. बिश्केकला जायचं होतं, बस बंद, म्हणून सालकिनच्या ट्रकमध्ये बसले. दोलोन खिंडीत, बर्फात घसरू नये म्हणून चाकाला बांधतात ती साखळी तुटली. मागे ट्रकांची रांग, सगळे पुरुष, सगळे भोंगे वाजवतायत. एकजण काच खाली करून ओरडला, "बाईमाणसाला चाक दिलं की असंच!" सालकिननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बर्फात पाठीवर झोपून ट्रकखाली शिरली. बाहेर आली तेव्हा साखळी बसली होती आणि हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

मी म्हटलं, "हात पूस, डोक्याला रुमाल बांध. पेपरसाठी फोटो काढते."

ती म्हणाली, "पेपरला हात धुतलेली बाई हवी असेल तर कचेरीत पुष्कळ आहेत, त्यांचा काढ. माझा काढायचा तर असाच काढ."

तसाच काढला. संपादकानं हात कापले आणि चेहरा तेवढा छापला. सालकिननं पेपर बघितला, हसली. म्हणाली, "चला, चेहरा तरी माझाच ठेवला." आता तिच्या पोरानं तोही ठेवला नाही.

आता कामाचं. ठिपके घालवायचे तर करडा रंग यंत्राकडे मागू नकोस. तू स्वतः तयार कर आणि त्याच्या पोटात ओत. बिश्केकचा एक चित्रकार असंच करतो, त्याच्याकडून ऐकलं. काजळीपासून बनवलेली चांगली काळी शाई घे, शाई पातळ करायचं पाणी मिळतं ते घे, आणि गडद, मध्यम, फिकट असे करडे बनव. निळ्या, किरमिजी, पिवळ्या कार्ट्रिजच्या जागी ते भर. मग यंत्राला वाटू दे की मी निळा सांडतोय. कागदावर राखच पडेल. मग सवती भांडतीलच कशा? सवतीच उरणार नाहीत.

काजळीचा करडा किंचित चहाकडे झुकतो. अगदीच झुकला तर निळ्याचा थेंब दे. थेंब म्हणजे थेंब, पळी नव्हे. छापून झालं की अंगणात बघ, बल्बखाली बघ, विस्तवाच्या उजेडात बघ. तिन्हीकडे एकच बाई दिसली तर झालं म्हणायचं.

पण हात घालायच्या आधी विचार कर. रंग एकदा काढून टाकलेस की ते यंत्र लग्नाचे फोटो छापणार नाही. पासपोर्टचे नाही. नळ्यांत काजळी बसली की परत धुऊन काढणं कठीण. तू त्याच्यावर जेवतेस. एका फोटोसाठी हे करायचं का, ते तुझं तू ठरव. मी सांगितलं म्हणून करू नकोस.

तुर्सुन


नारीन, १९ मे

तुर्सुन एझे,

केलं.

रंग मोरीत ओतले. निळा, किरमिजी, पिवळा एकमेकांत मिसळत गेले आणि मोरीच्या तोंडाशी चिखल झाला. तुम्ही म्हणता ते सोंग डोळ्यांनी पाहिलं. मग करडे भरले.

पहिल्या कागदावर आपा बुडून वर आल्यासारखी निळी. नळ्यांत जुना रंग होता. मग काही कागद पट्ट्यापट्ट्यांचे, कारण यंत्राचं नाक चोंदलं. मग आली ती चहाच्या रंगाची. मला तुमची तपकिरी आठवली आणि राग आला. निळ्याचा थेंब दिला, जास्त झाला, आपा थंडीनं गारठली. ते टाकून पुन्हा करडा बनवला. दुकानाचं दार दिवसा लावून बसायची, लोक दार वाजवून परत जायचे.

आणि मग एका सकाळी वाळलेला कागद उचलून अंगणात नेला. एझे, ती तिथं होती. ना हिरवी, ना गुलाबी. बर्फ बर्फासारखा, ट्रकचा पत्रा पत्र्यासारखा. डोळे बर्फाच्या चमकेनं बारीक केलेले, आणि त्या फटीतून ती सरळ माझ्याकडे बघत होती, 'दार का लावलंयस, कामं नाहीत का' असं विचारल्यासारखी. बल्बखाली नेली, तीच. चुलीपाशी नेली, तीच. मी खाली बसले आणि वर्षभरात पहिल्यांदा पोटभर रडले.

त्याच आठवड्यात बाइके दुकानात आला. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "निमंत्रणाची कार्डं छापायचीत. वर आपाचा तो मखमलीतला फोटो. रंगीत."

"होत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे? नाही म्हणतेस की होत नाही?"

"दोन्ही. यंत्रात रंगच नाहीत."

"कुठं गेले?"

"मोरीत."

आधी त्याला खरं वाटेना. त्यानं झाकण उघडून आत पाहिलं. मग म्हणाला, "वेड लागलंय तुला. आता खाशील काय?"

"हाताला मिळेल ते. आपा तेच खायची."

मग त्याला भिंतीवर टाचलेला फोटो दिसला. तो समोर जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "शाळेत पोरं मला ड्रायव्हरणीचा म्हणायची. ती शाळेपाशी ट्रक थांबवायची, आणि याच हातांनी मला खाली उतरवायची. माझ्या पांढऱ्या शर्टावर डाग. मी मागच्या दारानं पळायचो. तू तेव्हा पाळण्यात होतीस. तुला काय ठाऊक!"

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, आणि ठेवणारही होते.

पण तो वळला आणि म्हणाला, "हे आशला आणायचं नाही. आणणार असशील तर तूही येऊ नकोस."

मग म्हटलं, "बाइके, तेव्हा लाजलास ते एक वेळ ठीक, पोर होतास. आता ती मेल्यावरही पळायला मागचं दार शोधतोयस?"

तो पेनड्राइव्ह उचलून गेला. कार्डं दुसरीकडे छापली. मला कार्ड आलं नाही.

मी जाणार आहे. फोटोची एक प्रत पाठवतेय. काय चुकलंय ते बिनदिक्कत सांगा. अजून वेळ आहे.

मेरिम


काराकोल, २६ मे

मेरिम,

फोटो खिडकीशी धरला, दिव्याखाली धरला. चुलीशी धरला तेव्हा लेक म्हणाली, आई, जाळतेस की काय?

बाई एकच आहे, तिन्हीकडे. शाबास. आता चुका. बाहीजवळ सगळं डांबर केलंयस. तिथं घडी आहे, घडीत तेलाचा डाग आहे, तो दिसायलाच हवा. अंधार जरा उघड. उजवीकडचा बर्फ मात्र थोडा दाब, नाहीतर कागदाला भोक पडल्यासारखं वाटतं. चेहऱ्याला हात लावू नकोस.

सामातवर मी रागावले होते. आता तेवढी नाही. पण दया आली म्हणून वाट सोडायची नसते. त्याला लाज वाटली ती त्याची गोष्ट आहे, सालकिनला वाटली नव्हती. आश सालकिनची आहे.

मला यायचं होतं. डॉक्टर म्हणतो, एवढा प्रवास केलास तर उरलेला गुडघाही विसर. तेव्हा माझ्याही वतीनं तूच जा. मागच्या रांगेत उभी राहू नकोस. चहा व्हायच्या आत फोटो लाव. मटण आलं की कुणी भिंतीकडे बघत नाही.

तुर्सुन


नारीन, १८ जून

तुर्सुन एझे,

काल गावाहून आले. अंगाला अजून धुराचा वास आहे. सगळं सांगते.

बाही उघडली. तेलाचा डाग दिसला. बर्फ दाबला. माझ्या यंत्रावर निघेल तेवढा मोठा छापला, तरी बाइकेच्या दाराएवढ्या फोटोपुढं तो म्हणजे खिडकीची काच. काच घालून काळी चौकट केली, गोधडीत गुंडाळला आणि गेले.

बाइकेनं मला लांबून पाहिलं. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून बोलला नाही, वहिनीकडून निरोप पाठवला, "स्वयंपाकाकडे बस, आणि ते गोधडीतलं गोधडीतच राहू दे." मी स्वयंपाकाच्या युर्तशी गेले आणि गोधडी सोडली. फोटो कढईशेजारच्या लाकडाच्या ढिगावर ठेवला, भर उन्हात. म्हटलं, आत नाही तर नाही, पण झाकून ठेवणार नाही.

आधी बोरसोक तळणाऱ्या बायका आल्या. पिठाचे हात पुसत उभ्या राहिल्या. मग आपाच्या मोटार डेपोतले म्हातारे ड्रायव्हर आले. मानाच्या युर्तमध्ये डोकावून बाहेर येत होते. त्यातला एकजण मला म्हणाला, "पोरी, आम्ही चुकीच्या आशला आलो की काय? आत कुणाची तरी विहीण टांगलीय." मी ढिगाकडे बोट दाखवलं. त्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. मग तोच म्हणाला, "दोलोन. तिथंच काढलाय ना? त्या दिवशी मागच्या ट्रकात मी होतो. भोंगा मीही वाजवला होता."

तेवढ्यात मानाच्या युर्तमधून गडबड ऐकू आली, उघड्या दारातून आतलं दिसत होतं. आपाची थोरली बहीण, आमची तायझे, विलाप गाणार होती. तुम्हाला तिचा आवाज माहीत आहे, दगडाला पाझर फुटतो. सगळ्या बायका बसल्या होत्या, बाइके दारात उभा, साहेब मानाच्या गादीवर. तायझेनं दाराएवढ्या फोटोकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा पाहिलं.

"सामात," ती म्हणाली, "ही कोण रे?"

"तायझे, आपा आहे. गा तू."

"हिला मी ओळखत नाही. ओळख नसलेल्या बाईसाठी मी काय रडू?" आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या बहिणीला आणा."

कुणी हललं नाही. मी फोटो उचलला. चौकट छातीशी धरून दाराशी गेले. बाइकेनं दारावर हात आडवा धरला.

"मेरिम, मागं फिर."

"नाही."

"सगळे बघतायत."

"बघू दे. त्यासाठीच आणलाय."

तो हळू आवाजात म्हणाला, "माझी एवढी तरी लाज राख."

एझे, तेवढ्यापुरती मी थांबले. खरंच थांबले. त्याचा चेहरा शाळेतल्या पोराचा झाला होता. पण मागं फिरले असते तर आपाला मीही मागच्या दारानं नेलं असतं. म्हटलं, "तुझी लाज मी कशी राखू? ती तुझी एकट्याची आहे, आपाला कधी वाटलीच नव्हती. हात काढ, बाइके."

आतून तायझे ओरडली, "ए, तिला बर्फानं अडवलं नाही, तू काय अडवतोस!"

मागं उभे असलेले ड्रायव्हर हसले. बाइकेचा हात खाली आला. त्यानं काढला की आपोआप गळला, मला सांगता यायचं नाही.

मी फोटो त्या मोठ्या फोटोच्या पायाशी टेकवला. आत लोकरी नमद्याच्या सावलीत, लटकलेल्या बल्बखाली, तो ना हिरवा झाला ना गुलाबी. उन्हात होती तीच बाई आत येऊन बसली. तायझे पुढं सरकली, काचेवर ठेवला हात. आपाच्या हातांवरच ठेवला, चेहऱ्यावर नाही. आणि मग गायली. त्या काळ्या हातांनी काय काय ओढून आणलं ते गायली, पीठ, कोळसा, शाळेची पुस्तकं, नवऱ्याचं प्रेत शहरातून. बायका तर रडल्याच, दाराबाहेरचे पुरुषही रडले.

साहेबांनी दोन्ही फोटोंकडे पाहिलं नाही. मटण जेवले, छान झालंय म्हणाले, गेले. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांचं हे!

बाइके माझ्याशी बोलत नाही. निघताना मी सलाम केला, त्यानं घोड्याचा लगाम ठीक करण्यात डोकं खुपसलं. वहिनीनं मांसाची पुरचुंडी दिली, तीही हळूच. हे सहज मिटेल असं वाटत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पण पश्चात्ताप नाही. दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहतात, हे नवीन कळलं.

दुकानाचं म्हणाल तर पासपोर्टवाले कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेले. मी दारावर पाटी लावलीय, 'इथे रंगीत फोटो मिळणार नाहीत'. लोक वाचून हसतात. पण आज सकाळीच भोंगा वाजवणाऱ्या त्या म्हाताऱ्याची सून आली. सासूचा फोटो होता, गोठ्यातला, गुडघ्यापर्यंत शेणात. मला म्हणाली, "साफ करू नकोस हं काही."

तुमची
मेरिम


काराकोल, २७ जून

मेरिम पोरी,

तुझं पत्र लेकीला मोठ्यानं वाचायला लावलं. तायझेपाशी आली आणि तिला पुढं वाचवेना, मग मीच चष्मा लावला.

सामातला वेळ दे, पण वाट सोड म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. पाटी काढू नकोस.

आता माझं काम. पाकिटात एक निगेटिव्ह आहे. त्यात मी आहे. डार्करूमच्या दारात, ओठात सिगरेट, ॲप्रनवर औषधाचे डाग, केस पिंजारलेले, आणि कुणावर तरी ओरडतेय. बहुतेक संपादकावर. माझे मुलगे चांगले आहेत, पण परवा थोरला बोलताना ऐकलं, 'आईचा एक छानसा फोटो करून ठेवायला हवा'. त्या 'छानसा'मध्ये मला मखमल दिसली.

म्हणून आत्ताच छाप, मी जिवंत असताना. निघेल तेवढा मोठा. मी तो बैठकीत लावणार आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. बघते कोण खाली उतरवतो ते.

सिगरेटच्या धुराला ठिपके आले तर परत पाठवीन. आणि एक सुरकुती जरी कमी दिसली तर दुसऱ्यांदा छापायला लावीन. घाई कर, पण शाई नीट वाळू दे.

तुर्सुन